विसराळू यंत्रांच्या भरवशावर

वेबसाइटचं होस्टिंग बदललं की हमखास घडणारा एक प्रकार आहे. समजा, तुमच्या गावच्या वाचनालयाची साइट आहे. जुन्या सर्व्हरवरून ती नव्या सर्व्हरवर नेली, डोमेनच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता भरला आणि वाचनालयातले दोघं शेजारी शेजारी बसून ती उघडायला लागले. एकाच्या फोनवर नवीकोरी साइट. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तीच जुनी, गेल्या वर्षीच्या व्याख्यानमालेची जाहिरात मिरवणारी. नाव तेच, स्पेलिंग तेच, घड्याळात वाजलेतही तेवढेच. होस्टिंगवाल्याला फोन लावला तर तो शांतपणे सांगतो, "सर, प्रोपगेशनला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात."

दोन दिवस? मुंबईहून निघालेला प्रकाश समुद्राखालच्या काचेच्या तंतूंमधून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचायला पाव सेकंदही घेत नाही. मग चार आकड्यांचा एक पत्ता जगभर पसरायला दोन दिवस का लागावेत?

खरी गंमत इथेच आहे. पसरत काहीच नसतं! नवा पत्ता थोड्याच वेळात हजर झालेला असतो, कुणी विचारलं की सांगायला. जगाला वेळ लागतो तो जुना पत्ता विसरायला.

वेबसाइटचं नाव ही माणसांची सोय. यंत्रं एकमेकांना शोधतात ती आकड्यांवरून. जुन्या धाटणीचा आयपी पत्ता म्हणजे शून्य ते २५५ मधले चार आकडे. असे एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. नाव सांगितलं की आकडा काढून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये आखली. त्याआधी काय होतं? एक फाइल! कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये लिहून ठेवत आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत.

ती फाइल अजून मेलेली नाही. तुमच्या विंडोज कॉम्प्युटरवर, सिस्टिम-३२ फोल्डरच्या पोटात, 'होस्ट्स' नावाची एक फाइल आजही पडून आहे. तिच्यात एक ओळ लिहा, की तुमच्यापुरतं जगातलं कुठलंही नाव तुम्ही म्हणाल त्या पत्त्यावर जाईल. साइट हलवणारी मंडळी सगळ्या जगाच्या आधी नवी साइट बघून घेतात, ती याच युक्तीने.

आता डीएनएसचं डोकं बघा. जगभरातल्या प्रत्येकाने प्रत्येक वेळी मुळापासून विचारायचं म्हटलं तर व्यवस्था कोसळेल. म्हणून तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर एकदा विचारलेलं उत्तर लक्षात ठेवतो. पण किती वेळ? ते उत्तर देणाराच सांगतो! प्रत्येक उत्तरासोबत सेकंदांचा एक आकडा येतो: इतका वेळ हे खरं धरा, मग विसरा. कुठे तो ३०० असतो, म्हणजे पाच मिनिटं. बऱ्याच होस्टिंग पॅनलमध्ये १४,४०० असतो, म्हणजे चार तास. आणि 'डॉट कॉम'चं दफ्तर सांभाळणारे सर्व्हर 'या नावाची चौकशी अमुक ठिकाणी करा' असं सांगताना आकडा देतात १,७२,८००. साठाने भागा, पुन्हा साठाने भागा. अठ्ठेचाळीस तास! होस्टिंगवाला हवेत बोलत नव्हता.

म्हणून जाणते लोक साइट हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी आपल्या नोंदींवरचा हा आकडा ३०० वर आणून ठेवतात. जगाला लवकर विसरायला आधीच शिकवून ठेवायचं, बस. (उतावळ्या माणसांसाठी एक सूचना. नवं डोमेन घेतल्यावर पत्ता भरण्याआधीच ते उघडून बघू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा काही काळ लक्षात ठेवलं जातं.)

तर पत्ता मिळाला. ब्राउझर त्या पत्त्यावर जाऊन धडकला. तिथे काय असतं? ढगबिग काही नसतो. असतो एक कॉम्प्युटर, बहुतेक वेळा लिनक्सवर चालणारा, मॉनिटर आणि कीबोर्ड नसलेला. तत्त्वतः तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपेक्षा तो वेगळा नाही. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांच्या स्वतःच्या टेबलावरचाच कॉम्प्युटर होता. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, १९९० साली. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईतली चिठ्ठी त्याला चिकटवली होती. त्या काळात कुणी झाडलोट करताना बटण दाबलं असतं तर सगळं वर्ल्ड वाइड वेब बंद पडलं असतं! आजही झॅम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलंत की तुमचा जुना पीसी सर्व्हर होतो आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर तुम्हाला तुमचीच साइट वाढतो. हा पत्ता प्रत्येक कॉम्प्युटरवर 'मी स्वतः' याच अर्थाने राखून ठेवलेला आहे.

पण वाचनालयाला अख्खा सर्व्हर परवडत नाही. वर्षाला काही हजारांत मिळतं ते शेअर्ड होस्टिंग. एका यंत्रावर शेकडो साइट, आणि बहुतेकदा सगळ्यांचा आयपी पत्ता एकच. मग तुमचा ब्राउझर त्या पत्त्यावर पोचला की वाचनालयाऐवजी शेजारची लोणच्यांची साइट का उघडत नाही?

गिरगावातल्या चाळीत पाहुणा येतो तेव्हा पत्त्यावरून फक्त चाळ सापडते. दारात उभं राहून त्याला सांगावं लागतं, "जोश्यांकडे आलोय." ब्राउझर अगदी हेच करतो. प्रत्येक मागणीसोबत तो एक छोटी ओळ जोडतो: मला अमुक नावाची साइट हवी आहे. आरंभीच्या वेबमध्ये ही ओळ सक्तीची नव्हती, त्यामुळे प्रत्येक साइटला सहसा वेगळा पत्ता घ्यावा लागे. १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने ती ओळ सक्तीची केली. एका ओळीने स्वस्त होस्टिंगचा धंदा उभा राहिला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

मग कुलूप आलं. सुरक्षित साइटवर, म्हणजे ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं त्या साइटवर, आधी दोन्ही बाजू गुप्त भाषा ठरवतात आणि मगच बोलतात. पण गुप्त भाषा ठरवण्यासाठी सर्व्हरने आपलं प्रमाणपत्र दाखवायचं असतं, आणि शेकडो साइटपैकी कुणाचं प्रमाणपत्र दाखवायचं ते साइटचं नाव कळल्याशिवाय ठरत नाही. नाव तर गुप्त भाषा ठरल्यावर सांगायचं! या कोड्यावर २००३ मध्ये तोडगा निघाला: पहिल्याच नमस्काराला, उघड्यावर, नाव सांगून टाकायचं. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला हे कधीच शिकवलं गेलं नाही. त्यामुळे एक्सपी मरेपर्यंत होस्टिंगवाले सुरक्षित साइटला वेगळा आयपी पत्ता विकत राहिले.

आता चाळीच्या दारातला प्रसंग जरा विचित्र होणार आहे. वाचनालयाच्या पहिल्या पानावर चाळीस फोटो असतील, तर पान आणल्यावर ब्राउझर एकेक फोटो मागतो आणि प्रत्येक वेळी नाव नव्याने सांगतो. कारण आत्ताच येऊन गेलेला पाहुणा हाच, हे सर्व्हरला आठवत नाही. मागणी आली, उत्तर दिलं, विषय संपला. वेबच्या मुळाशी हा विसराळूपणा मुद्दाम ठेवलेला आहे. लाखो लोकांचं येणंजाणं ध्यानात ठेवायचं ओझं नको, म्हणून सर्व्हर कुणालाच ध्यानात ठेवत नाही.

मग तुम्ही लॉगिन केलेले असता ते त्याला कसं कळतं? तुम्हीच आठवण करून देता! नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी शोधून काढली. सर्व्हर मजकुराचा एक तुकडा तुमच्या ब्राउझरला देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक मागणीसोबत तो परत दाखवतो. तुमची ओळख तुमच्याच यंत्रात राहते. सर्व्हर दर वेळी ती पहिल्यांदाच बघावी तशी तपासतो.

आता आत शिरू या. वाचनालयाची साइट वर्डप्रेसवर असणार, कारण जगातल्या साधारण चाळीस टक्के साइट वर्डप्रेसवर चालतात. तुम्ही 'नवी पुस्तकं' या पानावर क्लिक केलंत. ते पान सर्व्हरवर कुठे ठेवलेलं असतं?

कुठेच नाही! होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये जाऊन सगळे फोल्डर उपसा. थीमच्या फाइली सापडतील, फोटो सापडतील, 'नवी पुस्तकं' नावाची फाइल मिळणार नाही. तुम्ही मागितलंत म्हणून ते पान त्या क्षणी तयार झालं. पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेला वर्डप्रेस जागा होतो. आपण कोण, कुठल्या साइटचे, डेटाबेसचा पासवर्ड काय, कुठली थीम, कुठली प्लगइन, हे सगळं तो पहिल्यापासून वाचतो. शेकडो फाइली. मग डेटाबेसला काही डझन प्रश्न विचारतो. शीर्षक आणतो, मजकूर आणतो, मेन्यू आणतो, सगळं जुळवून पान तुमच्याकडे रवाना करतो आणि मरतो. सगळं मिळून बऱ्याचदा अर्ध्या सेकंदात. पुढच्या वाचकासाठी पुन्हा जन्म, पुन्हा 'मी कोण?' पासून सुरुवात. (वाचलेला प्रोग्रॅम हाताशी ठेवण्याची सोय अलीकडच्या सर्व्हरवर असते, पण तुमच्याविषयी मिळवलेलं सगळं पुसलं जातं.)

इतका वेडा कारभार कुणाला सुचला? पीएचपीची सुरुवात मोठ्या योजनेतून झालीच नाही. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेर्डॉर्फ यांना १९९४ मध्ये एवढंच हवं होतं, की आपला नेटवर टाकलेला बायोडेटा कोण कोण बघतं ते कळावं. त्यासाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम त्यांनी १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. वर्डप्रेसची कथाही अशीच घरगुती. मिशेल वाल्द्रिगी यांनी लिहिलेलं 'बी-टू' हे सॉफ्टवेअर बेवारस पडलं होतं. टेक्ससमधला मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी ते पुढे न्यायला घेतलं आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. 'बी-टू'चा परवानाच असा होता, की कुणालाही ते उचलून पुढे नेता यावं.

आणि वेडा कारभार म्हटलं खरं, पण मला तो शहाणपणाचा वाटतो. चोवीस तास जिवंत राहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली की ती साचत जाते. पीएचपीमध्ये एका वाचकाच्या मागणीत काही बिघडलं, तर त्या मागणीबरोबर ते मरतं. पुढचा वाचक निरोगी, ताज्या वर्डप्रेससमोर उभा असतो.

वाचक वाढले की मात्र हा पुनर्जन्म महाग पडायला लागतो. मग कॅशे प्लगइन येतं. एकदा तयार झालेलं पान ते जपून ठेवतं आणि पुढच्या दहा जणांना तेच वाढतं. त्यातूनच तो सनातन संवाद जन्मतो: "मी बदललंय, तुला दिसत नाहीये का?" "कॅशे क्लिअर कर." म्हणजे विसरणाऱ्या यंत्रणेला मुद्दाम लक्षात ठेवायला लावायचं आणि मग विसरण्यासाठी हाताने बटण दाबायचं.

एवढ्या सगळ्या विस्मरणात कुणाला तरी आठवायला हवं की! तो एकटा जीव म्हणजे डेटाबेस, बहुतेक ठिकाणी मायएसक्यूएल किंवा त्याच्यातूनच फुटलेला मारियाडीबी. फिनलंडच्या मायकल विडेनियस यांनी एकाला मोठ्या मुलीचं नाव दिलं, माय; दुसऱ्याला धाकटीचं, मारिया. साध्या वर्डप्रेस साइटची अख्खी स्मृती या डेटाबेसच्या फक्त १२ टेबलांत मावते: लेख, पानं, प्रतिक्रिया, सदस्य, सेटिंग, सगळं. कधी पांढऱ्या पडद्यावर 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' एवढीच ओळ दिसते ना? ती नीट वाचा. डीएनएस ठीक आहे, सर्व्हर ठीक आहे, पीएचपी जागं झालेलं आहे. नाहीतर ही ओळ तरी कुणी लिहिली असती? फक्त आठवणारा उत्तर देत नाहीये.

आणि तो आठवतो तरी काय? 'मराठी' हा शब्द तुम्ही साइटवर लिहिता तेव्हा डेटाबेसमध्ये अक्षरं जात नाहीत. १५ आकडे जातात. म म्हणजे २२४, १६४, १७४. र म्हणजे २२४, १६४, १७६. काना २२४, १६४, १९०. ठ २२४, १६४, १६०. दुसरी वेलांटी २२४, १६५, १२८. एकेक आकडा म्हणजे एकेक बाइट. यूटीएफ-एट नावाची ही रीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखाली घालायच्या कागदावर आखली. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्याला तीन लागतात. आणि आपल्या नेहमीच्या सगळ्या अक्षरांची सुरुवात २२४ ने होते, त्याच्या मागे १६४ किंवा १६५.

आता जुन्या साइटचा बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवताना होणारी बोंब समजून घ्या. पान उघडावं तर मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ए-ए-एची रांग! झालंय एवढंच, की हेच आकडे कुणीतरी पश्चिम युरोपच्या तक्त्यावरून वाचले. त्या तक्त्यात २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए. रमधला १७६ म्हणजे तापमानाच्या अंशाचं चिन्ह. कान्यातला १९० म्हणजे पाऊण. आणि ठीच्या वेलांटीतले १६५ आणि १२८? जपानी येन आणि युरो! 'मराठी' या शब्दात एवढी संपत्ती दडलेली असते.

हे कचऱ्यासारखं दिसणारं मराठी बहुतेक वेळा वाचवता येतं, कारण आकडे जागच्या जागी आहेत, फक्त वाचणाऱ्याचा तक्ता चुकलाय. भीती बाळगायची ती स्वच्छ, नीटनेटक्या प्रश्नचिन्हांची. डेटाबेसला अक्षर साठवताच आलं नाही, तर तो त्या जागी ६३ लिहितो. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. तिथे म होता की ळ, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

याहून चमत्कारिक प्रकार नमस्काराच्या इमोजीचा. मायएसक्यूएलमध्ये आलेल्या पहिल्या 'यूटीएफ-एट'ला एका अक्षरासाठी तीनच बाइट ठेवायची मुभा होती. देवनागरी त्यात काठोकाठ बसली. इमोजीला मात्र चार बाइट लागतात. मग व्हायचं काय, की कुणी लांबलचक लेख लिहावा, मध्येच हात जोडलेली इमोजी टाकावी, आणि जतन केल्यावर बघावं तर त्या नमस्कारापासून पुढचा सगळा मजकूर गायब! डेटाबेस चौथ्या बाइटाला अडला की, कडक शिस्त लावलेली नसेल तर, पुढचं सगळं निमूट टाकून द्यायचा. त्यावर चार बाइटांचा नवा प्रकार २०१० मध्ये आला, आणि वर्डप्रेसने तो एप्रिल २०१५ मध्ये, ४.२ या आवृत्तीत स्वीकारला. आपल्याला त्याचं वेगळंच महत्त्व आहे. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, जागा मिळाली तीही चार बाइटांच्या वस्तीत. म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरातली लिपी साइटवर टिकते, ती इमोजीसाठी केलेल्या दुरुस्तीच्या पुण्याईवर.

राहता राहिला शेवटचा टप्पा, तुमचा फोन. डेटाबेसला जोडाक्षर म्हणजे काय ते ठाऊक नसतं. 'कि' साठवताना तो आधी क ठेवतो, मग वेलांटी. ती उचलून कच्या आधी लावायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे सगळं जुळणीचं काम वाचणाऱ्याच्या यंत्रात, पान उघडताना दर वेळी नव्याने होतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं.

आणि मराठीला तर दोन र लागतात. एकाचा रफार होतो, दुसऱ्याची ती आडवी मिशी. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. दोन्ही शब्द डेटाबेसमध्ये ३० बाइटांचे, म्हणजे २४० बिटांचे. साधा र २२४, १६४, १७६. मिशीवाला २२४, १६४, १७७. एकाने वाढला की झालं, आणि शून्य-एकच्या भाषेत तो फरक नेमका एका बिटाचा: शेवटच्या शून्याचा एक. उरलेले २३९ बिट जसेच्या तसे. देवस्थानाच्या साइटवर आचार्यांना दक्षिणा जाहीर झाली आणि तेवढा एक बिट पालटला, तर पाकीट थेट मुदपाकखान्यात जाईल.